वीणेचा पहारा आणि रात्रीची गोळी

पालखीच्या तळावर संध्याकाळी समाजआरती असते. चोपदार चोप वर करतात आणि एवढा मोठा समाज गप्प होतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती मात्र गप्प बसत नाही, टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातात, काय झालंय ते ऐकून घेतात. हरवल्या-सापडल्याची यादीही वाचली जाते. पिशव्या, मोबाइल, चष्मे आणि माणसंसुद्धा. अमुक दिंडीतल्या आजी अमुक ठिकाणी बसल्यात, त्यांच्या माणसांनी येऊन न्यावं.

वारीतल्या रिंगणाचे फोटो दरवर्षी छापून येतात. मला वारीतली सगळ्यात मोलाची गोष्ट ही यादी वाटते. आपल्यातलं कोण कमी आहे याची रोज चौकशी करणारा, आणि ज्याला काही सांगायचंय त्याच्यासाठी आरती थांबवून धरणारा समाज! मानसिक आजार असलेल्या माणसाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या वाट्याला नेमकं हेच येत नाही. त्यांची चौकशी करायचंच लोक बंद करतात. आधी लग्नाची आमंत्रणं थांबतात, मग हळदीकुंकवाची, मग रस्त्यात भेटल्यावरचं ‘काय, बरं आहे का’ तेही जातं.

माझ्या मामाच्या बाबतीत तसं झालं नाही, आणि ते का झालं नाही यावर मी आयुष्यभर विचार करत आले आहे.

बापूमामा आईचा धाकटा भाऊ. गाव साताऱ्याच्या पूर्वेकडचं, कोरडवाहू. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला त्याला आवाज ऐकू यायला लागले. शेजारची माणसं आपल्याबद्दल बोलतात, बस कंडक्टर आपल्या मागावर आहे, असं तो सांगायचा. परीक्षा राहिली, तो घरी आला तो कायमचा. ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द घरात यायला बराच काळ गेला. तोवर आजीने एक आई जे जे करते ते सगळं केलं. देवऋषी झाले, अंगारे झाले, लिंबं उतरवून टाकली, नृसिंहवाडी झाली, गाणगापूर झालं. ‘बाहेरचं आहे’ असं ज्याने त्याने सांगितलं आणि प्रत्येकाने वेगळं बाहेरचं सांगितलं. आजीला मी अंधश्रद्ध म्हणणार नाही. देऊळ तिच्या दारात होतं आणि मनोरुग्णालय येरवड्याला. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्यात चारच, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की आजार कोणता यानुसार ७० ते ९२ टक्के माणसांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. आजीच्या तरुणपणी ते किती पोचत असतील?

शेवटी साताऱ्यात डॉक्टर भेटले, गोळ्या सुरू झाल्या, आवाज कमी झाले. पण त्यांच्या जागी काहीच आलं नाही. मामा पडवीत बसून राहायचा. अंघोळ आजीने सांगितली तर. जेवण समोर ठेवलं तर. या आजाराची ही दुसरी बाजू लोकांना फारशी माहीत नसते. आरडाओरडा, भास, संशय हे दिसतं आणि त्याची भीती वाटते. पण माणसाच्या आतली इच्छाच आटून जाते, बोलणं तुटक होतं, चेहरा कोरा होतो, त्याला ‘आळशी झालाय’ असं नाव पडतं. गोळ्या आवाजांवर जितक्या चालतात तितक्या या कोरेपणावर चालत नाहीत. तिथे माणसंच लागतात.

ती माणसं आली विठ्ठल मंदिरातून. आमच्या गावच्या भजनी मंडळाचे विणेकरी होते, सगळे त्यांना नाना म्हणत. ते एका संध्याकाळी पडवीत येऊन बसले आणि मामाला म्हणाले, “सहाला देवळात ये. टाळ मांडायला माणूस नाही.” बरा हो, चांगलं वाग, देवाचं नाव घे म्हणजे मन शांत होईल, यातलं काही ते बोलले नाहीत. मामा गेला नाही. दुसऱ्या दिवशी नानांनी नातवाला पाठवलं. मग पखवाजवाला आला. रोज कुणीतरी येतच राहिलं, आणि एक दिवस मामा त्यांच्याबरोबर उठून गेला. कदाचित नुसता कंटाळून गेला असेल.

सतरंजी अंथरायची, टाळांच्या जोड्या लावून ठेवायच्या, हरिपाठ झाला की पुन्हा उचलायचं. एवढंच काम. पण ते त्याचंच काम होतं, तो आला नाही की अडायचं. आणि हरिपाठात एक मोठी सोय आहे, जिचा विचार मी फार उशिरा केला. तिथे शब्द शोधावे लागत नाहीत. ज्याला ‘काय चाललंय?’ या प्रश्नाचं उत्तर देणं डोंगराएवढं जड जातं, त्याला ठरलेले शब्द ठरलेल्या चालीत इतरांबरोबर म्हणता येतात. चुकलं तर बाजूचा आवाज सांभाळून घेतो. कुणी डोळ्यांत बघत नाही, कुणी विचारत नाही.

शेवटी वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. लहान-मोठा न बघता. घराबाहेरच्या कुणी ज्याला महिनोन्महिने हात लावला नव्हता, त्याच्या पायांना रोज संध्याकाळी सगळं मंडळ वाकून हात लावत होतं. मानसोपचारात याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, पण दवाखान्यात हे मिळत नाही.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे देवानेच बरं केलं की. नाही. मामा बरा झाला नाही. तो आजही गोळ्या घेतो आणि मरेपर्यंत घेईल. मंदिराने त्याला बरं करायचा प्रयत्नच केला नाही, आणि माझ्या मते म्हणूनच त्याचा उपयोग झाला. धर्माच्या जागेने आजाराशी झुंजायला जाऊ नये, तिथे ती हरते आणि हरल्याचा दोष पुन्हा रुग्णाच्या श्रद्धेवर टाकते. तिने माणसाला रांगेत जागा द्यावी, हाताला काम द्यावं, आणि औषधाचं औषधाकडे सोडावं.

तामिळनाडूतल्या मुथुस्वामी मंदिराचा अभ्यास मी वाचला तेव्हा हे मला आकड्यांत सापडलं. बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेतले डॉ. आर. रघुराम आणि त्यांचे सहकारी यांनी तो २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. त्या मंदिरात मनोरुग्णांना फुकट राहू देतात, बरोबर घरचं एक माणूस हवं एवढीच अट. भूत उतरवणं नाही, मारझोड नाही, खास विधीही नाही. सकाळची पूजा, झाडांना पाणी, आवाराची झाडलोट. ३१ माणसांची तपासणी आल्यावर आणि जाताना झाली, सरासरी मुक्काम सहा आठवड्यांचा, आणि लक्षणांची तीव्रता जवळजवळ २० टक्क्यांनी उतरलेली होती. अभ्यास छोटा आहे, तुलनेला दुसरा गट नाही, त्यावरून गोळ्या फेकून द्या असं कुणी म्हणू नये. पण संशोधकांनी श्रेय कशाला दिलं? आधार देणाऱ्या, न धमकावणाऱ्या वातावरणाला. आमच्या नानांनी सतरंजी अंथरायला लावली, त्यांनी झाडांना पाणी घालायला लावलं.

बेल्जियममधल्या गील या गावाने तर हे काही शतकं केलं आहे. संत डिम्फ्नाच्या चर्चमध्ये नऊ दिवसांच्या उपासनेसाठी मनोरुग्ण यायचे. चर्चची खोली भरली की गावकरी त्यांना घरी ठेवून घ्यायचे, आणि नऊ दिवसांनंतरही कितीतरी जण तिथेच राहायचे, शेतात काम करायचे, घरच्या पोरांना खेळवायचे. १९३८ च्या सुमारास साडेतीन हजारांहून जास्त माणसं अशी परक्या घरांत नांदत होती. आता त्या मानाने फार थोडी आहेत, मागे सरकारी मनोरुग्णालय उभं आहे, औषधं आहेत. घरातल्या लोकांना पाहुण्याचा आजार कोणता हे रीतीप्रमाणे सांगत नाहीत. त्यांना त्याची गरजच पडत नाही, कारण ते रुग्णाला ठेवून घेत नाहीत, माणसाला ठेवून घेतात. संताच्या नावाने सुरू झालेली गोष्ट पुढे गावाची सवय होऊन बसली.

पण श्रद्धेच्या आवारात सगळीकडे अशी माणसं नसतात, आणि हे लपवून मला पुढे लिहिता येणार नाही. ६ ऑगस्ट २००१ ला पहाटे तामिळनाडूतल्या एरवाडीत, दर्ग्याच्या आसऱ्याने उभ्या राहिलेल्या एका खासगी मनोरुग्ण-निवासाला आग लागली. माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जण जळून मेले. ती बातमी आजीने वाचली नाही, तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवली आणि ती बराच वेळ मामाच्या पायांकडे बघत राहिली. आता २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने कुणालाही, कुठेही साखळीने बांधायला बंदी आहे. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा ठरवला, आणि त्याच कायद्याने हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन, यात्रा यांना हात लावायचा नाही हेही स्पष्ट लिहून ठेवलं. कायदा झाला तेव्हा वारकऱ्यांमधल्या काहींना वाटत होतं की हा आपल्यावर येणार. मला उलट वाटतं. नाना काय करत होते आणि देवऋषी काय करत होता, यातली रेघ त्या कायद्याने नेमकी ओढली आहे.

गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनावाला मीरा दातारचा दर्गा आहे. मुंबईपासूनचे लोक तिथे जातात. तिथे ‘दवा-दुआ’ नावाने सरकार आणि एका संस्थेने मिळून काम उभं केलं. मुजावरांना आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं, दर्ग्याच्या आवारातच मानसोपचारतज्ज्ञ बसायला लागले. मुजावर दुआ करतात आणि डॉक्टरकडे धाडतात. यात मुजावरांचा मान राहतो ही फार शहाणपणाची गोष्ट आहे. श्रद्धेच्या जागी बसलेल्या माणसाने ‘जा, औषध घे’ म्हटलं की ते औषध पोटात जातं. हे मी घरात पाहिलं आहे.

कारण मामाने एकदा मंडळात सांगितलं की माउली माझ्याशी बोलतात. बऱ्याच जणांना ते खरं वाटलं, निदान खोटं म्हणवेना. एकाने तर त्याच्या गळ्यात तुळशीहार घातला. इतकी वर्षं पडवीत कोरा बसलेला माणूस, त्याच्यावर कृपा झाली असं कुणाला नको असेल? नानांनी हरिपाठ संपू दिला. मग मामाला बाजूला घेऊन विचारलं, “काय म्हणतात माउली?”

“म्हणतात, गोळ्या बंद कर.”

“मग ते माउली नव्हेत,” नाना म्हणाले. “माउली लेकराचं औषध बंद करत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने नाना, आजी आणि मामा साताऱ्याला गेले. मामाने आधीच काही दिवस गोळ्या सोडलेल्या होत्या. डॉक्टरांनी त्या पुन्हा बसवल्या आणि नानांना समोर बसवून बऱ्याच गोष्टी समजावल्या. त्यातली मुख्य होती झोप. जागरण हा अशा आजाराचा शत्रू आहे. ज्यांना उन्माद आणि नैराश्याचे झटके येतात त्यांच्यात तर एखाद्या रात्रीच्या जागराने उन्माद उसळू शकतो. मग नाना सप्ताहाबद्दल विचारते झाले.

अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. पहारे लागतात, दोन-दोन तासांचे, आणि कुणाचा पहारा केव्हा ते देवळाच्या भिंतीवर लावलेलं असतं. मामाचा पहारा रात्री दोनचा होता, आणि त्याला त्याचा अभिमान होता, कारण तो पहारा कठीण समजतात. नानांनी तो दुपारी चारचा केला. त्यांनी त्याला सांगितलं की दुपारी चारला सगळे शेतात असतात, माणूस मिळत नाही, वीणा खाली यायला नको. हे खरंही होतं. मामाला कमीपणा आला नाही. रात्री जेवणाची पंगत उठली की नाना स्वतः तांब्या घेऊन त्याच्यासमोर उभे राहायचे. “हरिपाठ झाला, प्रसाद झाला, आता गोळी.” नेम म्हणजे नेम.

अशा बारीक गोष्टी प्रत्येक मंडळाला, प्रत्येक मशिदीला, प्रत्येक चर्चला ठाऊक हव्यात असं मला कळकळीने वाटतं. उन्माद-नैराश्याच्या आजारावर लिथियम हे औषध घेणाऱ्याने निर्जळी एकादशी किंवा रोजे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत, कारण अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि विषासारखं बाधू शकतं. जुलाब झाले तरी तेच. या आजारांच्या काही गोळ्यांनी शरीराला उष्मा सोसत नाही, म्हणून दिवेघाट चढताना त्या माणसाच्या डोक्यावर ओला पंचा आणि हातात पाणी हवं. काही गोळ्यांनी सकाळी जाग येत नाही, काकड्याला आला नाही म्हणून कुणी टोमणा मारू नये. यात अध्यात्म कुठे आहे, असं मला एका कीर्तनकारांनी विचारलं होतं. मला तर सगळं अध्यात्म यातच दिसतं.

आता ज्याबद्दल लिहायला मला सगळ्यात जड जातं ते.

आमच्याच आळीत एक सून होती. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांच्या आत तिची झोप गेली, ती असंबद्ध बोलायला लागली, हे बाळ माझं नाही म्हणाली. हजारात एखाद-दुसऱ्या बाळंतिणीला असा आजार होतो. तो एकदम येतो, त्याला तातडीने दवाखाना लागतो, आणि उपचार मिळाले तर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. तिला माहेरी धाडलं. बाळ सासरी ठेवून घेतलं. माहेरच्यांनी तिला दर अमावस्येला कुठल्याशा देवाच्या ठाण्यावर नेऊन बसवलं. मामाला पडवीतून उठवायला रोज माणूस पाठवणारं मंडळ तिच्या बाबतीत एकदाही हललं नाही. नाना तेव्हा हयात नव्हते. पण असते तरी परक्याच्या सुनेच्या बाबतीत त्यांनी उंबरा ओलांडला असता का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

मामाला जागा मिळाली, कारण तो पुरुष होता, घराला जमीन होती, आणि आजार त्याला शांत करत होता, आक्रमक नाही. नानांचं ऋण माझ्या घरावर आहे आणि ते यामुळे तसूभर कमी होत नाही. पण बाई आजारी पडली की तो घरच्या अब्रूचा प्रश्न होतो आणि मंडळ म्हणतं, आपण कशाला मध्ये पडा.

आणि आजारी माणसाला सांभाळणारी बाई तर कुणाच्या हिशेबातच नसते. व्हिएडा स्कल्टन्स या अभ्यासक बाईंनी १९८० च्या दशकात महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरात राहून पाहिलं, की मुलाला किंवा नवऱ्याला बरं वाटावं म्हणून बरोबर आलेल्या बायकाच आरतीच्या वेळी घुमू लागतात. आजार आपल्या अंगावर घेतात, म्हणजे त्याला सुटका मिळेल. ते वाचताना मला आजी दिसली. ती कधी घुमली नाही, पण मामाच्या आजारानंतर तिने गोड खाणं सोडलं, लग्नाकार्याला जाणं सोडलं. मामासाठी पडवीत माणसं आली. आजीला कुणी ‘सहाला ये’ म्हटलं नाही.

ती गेली त्याला बरीच वर्षं झाली. मामा आता साठीचा आहे, त्याच घरात राहतो. सकाळचा चहा समोरच्या घरातून, दुपारचं जेवण आईने लावून दिलेल्या डब्याचं, आणि रात्रीच्या गोळीचा पहारा मंडळाने वाटून घेतला आहे. नानांचा नातू आता विणेकरी आहे, त्याने ही वाटणी सप्ताहाच्या पहाऱ्यांच्या यादीशेजारीच भिंतीवर लावली. एकादशीच्या तक्त्याखाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही लिहिला आहे. तो फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

यंदाच्या सप्ताहात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या लोकांना बोलवायचं चाललंय. सूचना महिला मंडळाच्या एका काकूंची. दुपारचं प्रवचन आणि संध्याकाळचा हरिपाठ यांच्या मध्ये दोन तास मोकळे असतात, तेव्हा. पुरुषांनी म्हटलं, देवळाच्या सभामंडपात घेऊ. काकू म्हणाल्या, निम्म्या बायका अडचण असली की देवळात पाय ठेवत नाहीत, त्यांनी काय करायचं? शाळेच्या व्हरांड्यात घ्या. त्यावर मग फार कुणी बोललं नाही, शाळा ठरली. पत्रिकेत ‘मानसिक आरोग्य’ छापायचं की नुसतं ‘आरोग्य शिबिर’, यावर अजून वाद आहे. मोघम छापलं तर गर्दी होईल हे खरं, पण ज्यांच्यासाठी ते आहे त्यांना आपल्यासाठी आहे हे कळणार कसं, म्हणून मी पूर्ण छापायच्या बाजूची आहे.

त्या सुनेची मुलगी आता चौथीत आहे, आमच्याच गावात, बापाकडे. आई माहेरी आहे. अमावस्या थांबल्या, औषध चालू आहे, ती शिवणकाम करते असं कळलं. काकू अधूनमधून तिच्याकडे जातात, मुलीचा निकाल, मुलीची उंची, पडलेला दात, असलं सगळं सांगून येतात. सासरच्यांना हे ठाऊक आहे की नाही, काकूंनी विचारलेलं नाही. सप्ताहाची पत्रिका तिच्या माहेरी द्यायला कुणी जायचं हे बैठकीत निघालं तेव्हा जरा वेळ कुणी बोललं नाही. मग ठरलं, काकू आणि मी.